कानबाईचा हुकूम

"कामना टाइमलेच कशी चक्कर येस इले?" ताईबाईनं चुलीपुढूनच सुनेवर तोफ डागली.

कुंदाबाई भिंत धरून उभी होती. डोकं जरा हललं की घर गरगरायचं, म्हणून ती मान ताठ धरायची, दात आवळायची. मानेपासून कानशिलापर्यंत सगळं दगड होऊन जायचं. भाकरी चावतानाही जबडा ठणकायचा.

"सोंग शे बठ्ठं!" सासूनं निकाल दिला.

चौथं वर्ष होतं हे! धुळ्याच्या डॉक्टरकडे न्या म्हणून कुंदाबाईनं नवऱ्याच्या किती विनवण्या केल्या. भटूला धुळ्याहून टीव्ही आणायला सवड झाली. बायकोला न्यायचं म्हटलं की कपाशीची निंदणी आडवी यायची. वा रे नवरा!

श्रावणात घरी कानबाई बसली. सोमवारी सकाळी ती नटवलेली, नथ घातलेली नारळाची देवी पाटासकट डोक्यावर घेऊन सुनेनं विसर्जनाला नदीवर जायचं. "माले जमाव नही," कुंदाबाई म्हणाली. पण ऐकतो कोण! डफ वाजला, पाट डोक्यावर चढला. वेशीपाशी तिच्या पायाखालची जमीनच फिरली. ती डुलली, मान ताठरली, दातखीळ बसली.

"आंगमा उनी! माय आंगमा उनी!" देवी अंगात आली म्हणून बायका ओरडल्या. जावेनं पाट झेलला. आणि कालपर्यंत सोंग म्हणणारी सासू चक्क सुनेच्या पायांवर लोळण घेऊन म्हणाली, "आमनं काय चुकनं, माय? सांग!"

कुंदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं घसा कोरडा केला तेव्हा कुठं होते हे सगळे? थांबा, दाखवतेच! आवळलेल्या दातांतूनच ती गरजली, "भटू! मन्ही लेकले, कुंदाले, धुयाले डागदरकडे लई जाय! आजच!"

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा घेतलं होतं. भटूनं भर रस्त्यात कान पकडले.

दुपारच्या एस.टी.नं तिघं धुळ्याला पोचले. डॉक्टरांनी तिचे कान तपासले, मान, जबडा दाबून पाहिला. "कानाच्या आतून तोल सांभाळला जातो, तिथंच बिघाड आहे. पडू नये म्हणून ही बाई मान अन् जबडा आवळून जगतेय. तुम्ही काय करत होता इतके दिवस?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दाखवले. "आणि जबडा सैल सोडायचा, बाई."

परतीच्या गाडीत ताईबाईनं सुनेला खिडकीची जागा दिली आणि पुढच्या सीटवरच्या बाईला कौतुकानं सांगितलं, "कानबाईनी सोता हुकूम करा, म्हनीसन इले लई उनूत. नही ते आम्हले काय माहीत?"

"मी सांगेल व्हतं," कुंदाबाई म्हणाली. "चार वरीसपाईन मीच सांगी ऱ्हायनू."

ताईबाईनं घाईघाईनं हात जोडले. "व्हय कानबाई माय, तूच. चुकनं आमनं, माय."

कुंदाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. डॉक्टरांनी सैल सोडायला सांगितलेला जबडा तिला काही केल्या सोडवेना.