जोडअंबारीतली रिकामी बाजू

उंटावरची जोडअंबारी म्हणजे छत घातलेल्या दोन खुर्च्या, उंटाच्या दोन्ही कुशींना एकेक टांगलेल्या. दोन्हींत माणसं हवीत. एकीतच बसलं तर उंटाच्या आधी माणूस जमिनीवर बसतो. म्हणून सुताराच्या कारखान्यात रिवाजच होता: नवी अंबारी लाकडी घोडीवर टांगायची, इकडे सुतार, तिकडे बायको. समतोल साधला की गिऱ्हाइकाला निरोप. संसारही साधारण याच तत्त्वावर उभा होता.

मागच्या खेपेला बायकोची बाजू खाली गेली. सुतार वरून म्हणाला, "हल्ली तुझा भार वाढलाय जरा."

ती सरळ उतरली. सुतार धाडकन खाली आला आणि तो भुशातून उठेपर्यंत ती पिशवी भरून भावाकडे गेलीसुद्धा.

आज उंटवाला माल न्यायला आला, तरी चाचणी झालीच नव्हती.

"वहिनींच्या जागी मी बसतो की," तो म्हणाला.

"ती जागा तिची आहे."

मग सुताराने पूर्वीच्या आपल्या वजनाइतकी वाळू भरलेलं एकेक पोतं दोन्हीकडे ठेवलं. अंबारी तोलात राहिली. म्हणजे लाकडाचा दोष नव्हता. मग आपल्या बाजूचं पोतं काढून तो स्वतः बसला, आणि पतंगासारखा वर गेला.

उंटवाला खालून निरखत म्हणाला, "दादा, स्वतःच्या हातचं जेवताय वाटतं?"

सुताराने वरूनच फोन लावला. "अगं, ऐक. तू जड नव्हतीस. मीच हलका होत चाललोय."

"हे सांगायला फोन केलात?"

"नाही. तू नसलीस की मी लोंबकळत राहतो. आत्ताही लोंबकळतोय."

पलीकडे भांडी वाजत होती. त्या आवाजावरून तिने ओढणी कमरेला खोचलीय हे त्याला कळलं.

"छताला झालर लावलीत?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"लावू नका. उलटी लावाल."

फोन बंद झाला. उंटवाल्याने पोत्याला हात घातला. "उतरवू?"

"राहू दे रे," सुतार म्हणाला. "इथून रस्ता दिसतो."