ज्याचं त्याला विचारा

माझी बायको लक्ष्मी शहाण्णव सालच्या जानेवारीत गेली. मिरजेच्या एका दवाखान्यात, घशात नळी असताना. नळी ओढू नये म्हणून तिचे हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "पुढं काय करायचं? तुमचं म्हणणं काय?" माझं काहीच म्हणणं नव्हतं. म्हणणं तिचं पाहिजे होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. कुठल्या दुकानातून डाळ घ्यायची नाही, कुठल्या पाहुण्याला उसनं द्यायचं नाही, हे सगळं तिनं मला वेळोवेळी सांगितलं होतं. हे तेवढं राहिलं. मी "करा" म्हणालो. त्यांनी केलं. ती तशीच गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले. मग मी आष्ट्यातल्या आमच्या शिरोटे डॉक्टरांकडं गेलो. आमच्या घरातलं प्रत्येक दुखणं त्यांच्याच हातचं.

"आबा, या. बीपी बघू," ते म्हणाले.

"बीपी ऱ्हाऊ द्या. लक्ष्मीचं हृदय थकलंय, हे तुमी मला दिवाळीत त्या पडद्यामागं नेऊन सांगितलं. तिला का न्हाई सांगितलं?"

"पेशंट हाय खातो, आबा. आणि तुम्हीच म्हणाला होता, तिच्या कानावर घालू नका."

"म्हणालो हुतो. घरचा माणूस तसंच म्हणणार."

डॉक्टरांनी बीपीचा पट्टा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. वहिनींना सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. वर मला दम दिला, ह्यांना कळू देऊ नका, ह्यांचं बीपी चढतंय."

मी खुर्चीवर बसलो. त्या दिवसांत ती म्हणायची, उन्हाळ्यात घराला चुना लावू. मी म्हणायचो, लावू की. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही चुन्याचंच बोलत होतो.

"म्हंजे दोघांचं तुमच्यापाशी हुतं. आन तुमी आमाला एका जागी बसवलं न्हाई."

"आपल्यात कोण बसवतं, आबा? असं बोललं की लोक म्हणतात, डॉक्टर अभद्र बोलतो. मरायला टेकलो का मी, म्हणून उठून जातील."

"मग टेकायच्या आधी इचारा. बीपी बघता, जीभ बघता, लघवी तपासता. त्यातच हे एक. उद्या बोलता येईना झालं तर काय करायचं, काय न्हाई करायचं, आन तुमच्या वतीनं कुणी बोलायचं. सगळ्यांनाच इचारलं तर कुणाला वाईट वाटायचं काय कारण?"

"सोपं वाटतंय तुम्हाला."

"न्हाई वाटत. म्हणून तर आलोय."

बघू, म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला कळतं. पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरी केलीय मी. मग दर बाजाराच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायला लागलो.

"आबा, तुम्ही पेशंट आहात का इन्स्पेक्टर?" डॉक्टर विचारायचे.

"इचारलं का कुणाला?"

"नाही."

"मग बसतो."

मे महिन्यात रसूल पिंजारी आला. माझा बालमित्र. जन्मभर गाद्या भरल्या, कापसाचा कण छातीत बसून बसून दमा जडला. आता चार पावलं चालला तरी धाप लागायची. सोबत पोरगा यासीन होता, तो सांगलीत कामाला. तपासणी झाली तशी यासीननं डॉक्टरांना खूण केली आणि पडद्यामागं निघाला. डॉक्टरही उठले.

मी बाकावरून उठून आत गेलो. "यासीन, भाईर ये. डॉक्टर, ज्याचं हाय त्याला इचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडं रागानं बघितलं. मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि रसूलच्या समोर बसले. त्यांनी घसा दोनदा साफ केला.

"रसूलभाई, तुमची फुफ्फुसं फार थकलीत. औषध चालू ठेवू. पण पुढं दम फारच लागला आणि तुम्हाला बोलता येईना, तर काय करायचं ते आज तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"डॉक्टर!" यासीन ओरडला. "अब्बांम्होरं असलं बोलत्यात व्हय?"

"दम माझा गेलाय, कान न्हाई गेलं," रसूल म्हणाला. "बोलू दे त्यास्नी."

त्यानं विचार करायला वेळ घेतला. मला राहवेना. लक्ष्मीचे बांधलेले हात माझ्या डोळ्यांपुढं होते. मी म्हणालो, "रसूल, घरीच बरं की. नळ्या नकोत."

"तू गप रं नाथा! तुझ्या बायकोचं तिला इचारलं न्हाई म्हणून बोंबलत आलास, आन आता माझं तूच सांगायला लागलास व्हय?"

मी खाली बघितलं. डॉक्टरांना हसू आवरेना.

"ऐका," रसूल म्हणाला. "मला नळ्या घाला. मशीन लावा. माझी सबीना हुबळीला दिलीय. ती येईस्तवर मला धरून ठेवा. पोरीनं हात हातात घेतला की मग समदं काढा आन घरी आणा. माझ्या गादीवर. दवाखान्यातली गादी कोण भरत्यात कुणास ठावं, नुसत्या गाठी."

"आणि तेव्हा तुमच्या वतीनं कुणी बोलायचं?"

"यासीननं. रडंल, पर करंल."

यासीन तिथंच रडायला लागला. रसूल म्हणाला, "बघा, सुरू झालं."

श्रावण सरता सरता रसूलला सांगलीला हलवलं. मशीन लागलं. सबीना आली, दिवसभर त्याचा हात धरून बसली. त्याला बोलता येत नव्हतं, पण हात दाबत होता. मग यासीन म्हणाला, आता घरी न्यायचं. नातेवाईक अंगावर आले, बापाला मारतोस का म्हणाले. यासीननं शिरोटे डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर दवाखाना बंद करून सांगलीला गेले, तिथल्या डॉक्टरांशी बोलले, आणि गाडीत रसूलच्या शेजारी बसून आष्ट्याला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी रसूल आपल्या गादीवर गेला.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी यासीन माझ्याकडं आला. "चाचा, भावकी लय बोलाय लागलीय. बोलू द्या. अब्बांनी तोंडानं सांगितलं हुतं, तसं केलं. मला काल झोप लागली."

जानेवारीपासून मला धड झोप नव्हती.

त्यानंतर डॉक्टर साठीपुढच्या प्रत्येकाला विचारायला लागले, बीपीचा पट्टा दंडावर असतानाच. दोघंतिघं दवाखाना सोडून गेले. एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या जिभंला हाड हाय का न्हाई?" आणि औषध न घेताच गेली. पुढच्या बाजाराला ती नवऱ्याला घेऊन आली. "ह्यास्नी बी इचारा," म्हणाली. "घरात त्वांड उघडत न्हाईत."

मी बाकावर बसून ऐकत होतो. डॉक्टरांनी मला हाक मारली. "आबा, आज तुमची पाळी."

"म्होरल्या बाजाराला."

"नाही. लोकांच्या मागं लावलंत मला. आज."

नळी घालायची न्हाई, हे मी सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वतीनं कोण बोलणार?" माझ्या ओठावर लक्ष्मीचंच नाव आलं. मी ते गिळलं. डॉक्टर थांबले, घाई केली नाही.

"माझी सून, आम्रपाली," मी म्हणालो. "पोरगा करा करा म्हणत बसंल, माझ्यासारखा."

"तिला सांगितलंय?"

"न्हाई."

"मग माझ्यापाशी ठेवून काय उपयोग? दोघांचं माझ्यापाशी ठेवून एकदा झालं. आजच सांगा तिला."

घरी आलो. आम्रपाली स्टोव्हला पंप मारत होती. माझा मुलगा कपिल शर्ट बदलत होता. मी म्हणालो, "आम्रपाली, हितं बस जरा."

"काय झालं, आबा? डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"सांगितलं न्हाई. इचारलं. मी बोलायच्या पलीकडं गेलो, तर काय करायचं ते तुला सांगायचंय."

"आबा, आईचं आत्ताच झालंय," कपिल म्हणाला. "असलं नका काढू." तो तसाच अंगणात गेला.

आम्रपालीनं स्टोव्ह विझवला. पदराला हात पुसून माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिचे डोळे भरले होते, पण ती उठली नाही.

"बोला, आबा."

मी नळीपासून सुरुवात केली. थोड्या वेळानं कपिल आत आला, आणि उंबऱ्यात उभा राहून ऐकायला लागला.