माझ्या बिजागरीत तेल पडले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यातून कुणी कुठे जात नाही. माझ्या पुढे जी खोली, तीच मागे. सिनेमांना आवाज जोडणाऱ्या एका स्टुडिओत, लाकडी चौथऱ्यावर, चौकटीसकट मला उभे केले आहे. पडद्यावर कुणी दार उघडले की इकडे मला उघडतात आणि समोरचा माईक माझी कुरकुर टिपून घेतो. भुताचा सिनेमा बघताना तुम्ही कधी पाय खुर्चीवर घेऊन बसला असाल, तर आपली जुनी ओळख आहे असे समजा.

पूर्वी मी एका घराच्या कोठीला होतो. सुताराने माझ्या बिजागऱ्या जराशा तिरक्या बसवल्या आणि पहिल्या दिवसापासून मी कुरकुरू लागलो. नावडतीचे मीठ अळणी, तशी माझी गत. घरच्यांची झोपमोड व्हायची, मग शिव्या मला. शेवटी मला उपटून भंगारात टाकले. तिथे आवाजवाल्या बाई आल्या. त्यांनी मला एकदा हलवले, डोळे मिटले, पुन्हा हलवले आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, "हा बोलतो!" माझे कुणी कौतुक केल्याचे मला आठवते ते हे पहिलेच.

स्टुडिओत दंडक एकच होता. माझ्या बिजागरीला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा बाई स्वतः कोरड्या फडक्याने पुसत.

जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्या चौथऱ्यावर डबे उघडून बसत आणि गप्पा भुतांच्याच चालत. आवाज मुद्रित करणारा दाढीवाला म्हणे, "मला शेवटपर्यंत न दिसणारं भूत आवडतं. दिसलं की संपलं, मग तो नुसता मेकअप." झाडूवाल्या मावशींना विहिरीतल्या ओल्या केसांच्या बाया आवडत. "तसलं असलं की पहिला खेळ मी सोडत नाही," त्या घास गिळत सांगत.

बाईंचे म्हणणे वेगळे होते. "घरी भीती वाटली तर ओरडता येतं का? पोर तापाने फणफणलेलं असतं, तरी आईला शांतच राहावं लागतं. तिकीट काढलं की पोटभर ओरडता येतं. आणि दिवे लागले की आपण जिवंतच!"

त्यांच्या यजमानांना मात्र हे पटत नसे. ते शिलाई मशीन दुरुस्त करत. "भीती काय विकत घ्यायची गोष्ट आहे?" ते म्हणत. "रस्ता ओलांडताना फुकट मिळते की!" बायकोने आवाज दिलेला एकही सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता.

मग दिवस फिरले. एक बटण दाबले की हजार दरवाजांची कुरकुर ऐकवणारे मशीन आले. बाईंची कामे आटत गेली. एका सिनेमाच्या दिग्दर्शकाने निर्मात्याशी भांडून त्यांच्यासाठी एक दुपार मिळवली. त्या दुपारी दाराचा प्रसंग जमला तर बाईंचे काम राहणार होते. नाही जमला, तर खोली रिकामी करून ती मशीनसाठी द्यायची असे ठरले होते. बाईंनी सकाळी माझा आवाज तपासला. गळा ठणठणीत होता. मग त्या शेजारच्या खोलीत प्रसंग समजून घ्यायला गेल्या.

तेवढ्यात यजमान डबा घेऊन आले. वाट बघताना त्यांनी सहज मला ढकलले. मी नेहमीसारखे कर्रर्र केले. त्यांना ती माझी तक्रार वाटली. "दिवसभर हे ऐकत बसते बिचारी," असे पुटपुटत त्यांनी खिशातली तेलाची बुधली काढली आणि वरच्या, मधल्या, खालच्या बिजागरीत टोक खुपसून दाबली.

खोटे कशाला बोलू? फार बरे वाटले. वर्षानुवर्षांची आग विझली. आणि मग लक्षात आले, की मी मुका झालो.

ओरडून सांगावेसे वाटले, पण ओरडायचे कशाने?

बाई आल्या, मागोमाग दिग्दर्शक आणि दाढीवाला. दिवे मालवले. पडद्यावर एक मुलगी जिना चढत होती. मेलेल्या बहिणीच्या बंद खोलीतून तिला गुणगुणणे ऐकू येत होते. तिने दाराच्या मुठीला हात लावला. बाईंनी माझ्या मुठीला हात लावला आणि ओढले.

मी निमूट उघडलो.

कोपऱ्यातून यजमानांचा आनंदी आवाज आला, "आता कसं? लोण्यासारखं!"

बाईंनी बिजागरीवरून बोटे फिरवून नाकाशी नेली. चेहरा पांढराफटक पडला. "अहो, काय करून बसलात हे?"

त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांचा आवाज इतका बारीक होता की यजमान धावतच माझ्यापाशी आले. मावशींनी रॉकेल आणले. यजमानांनी बिजागऱ्यांच्या खिळ्या उपसल्या, धुतल्या, चिंध्यांनी घासल्या. जन्मभर कुरकुर ऐकू येईल तिथे मारणारा तो माणूस गुडघ्यांवर बसून माझ्याकडे कुरकुर मागत होता. पण माझ्यातून उंदराएवढेही चूं निघेना. भेगांत मुरलेले तेल निघता निघत नव्हते.

दिग्दर्शक हळूच म्हणाला, "बाई, मी खूप थांबलो. आता मशीनवरच..."

"थांबा." बाईंनी यजमानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. माणूस चांगला आडवातिडवा होता. "अहो, इकडे या. मुठीला धरून लटका."

"मी? दाराला?"

"पाय खालच्या पट्टीवर ठेवा. आणि श्वास घेऊ नका, माईक सगळं ऐकतो."

ते लटकले. सगळा भार वरच्या बिजागरीवर आला आणि जुन्या लाकडातले स्क्रू हलले. ते निसटले असते तर मी नवराबायको दोघांवर कोसळलो असतो. संधी एकदाच मिळणार होती.

दिवे मालवले. मुलगी जिना चढली. बाईंनी मला ओढले आणि लाकूड लोखंडावर दाबले जाऊन माझ्या पोटातून असा हुंकार निघाला, की माझा मलाच ओळखू येईना. खूप खोल झोपलेल्या कुणालातरी उठवावे तसा. पडद्यावरचा हात थबकला, बाई थबकल्या. स्क्रू एकेक आटा सोडत होता. यजमानांनी डोळे घट्ट मिटले होते आणि कपाळावरची शीर टरारून फुगली होती. बाईंनी मात्र मूठ सोडली नाही. मुलीने पुन्हा ओढले, मी पुन्हा हुंकारलो, आणि दार पूर्ण उघडले.

दाढीवाल्याने अंगठा वर केला. यजमान खाली उतरले ते भात्यासारखे धापा टाकतच.

मग तो तुकडा पुन्हा लावला. यजमान या वेळी डोळे उघडे ठेवून बायकोजवळ उभे राहिले. आवाज कुणी काढला, कसा काढला, त्यांना सगळे ठाऊक होते. तरी तो हुंकार भोंग्यातून आला, तसे ते "आई गं!" म्हणून किंचाळले आणि बायकोच्या खांद्यामागे दडले.

दिवे लागले. मग यजमानच हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ती आत गेली, मग पुढे काय झालं?" ते म्हणाले. "लावा की पुढचं!"

"आवाज हाच ठेवायचा," दिग्दर्शक म्हणाला. "आणि बाई, पुढच्या सिनेमालाही तुम्हीच."

सकाळपासून धीर धरलेल्या बाई तेव्हा कुठे चौथऱ्यावर बसून रडल्या.

माझा वरचा स्क्रू टोकाशी लोंबत होता. तो आवळायला यजमानांनी पेचकस घेतला, दोन पावले आले आणि थांबले. खिशातली बुधली काढून त्यांनी बायकोच्या हाती दिली. म्हणाले, "अगं, याला कुठे हात लावू आणि कुठे नको, ते आधी सांग." इतक्या वर्षांच्या संसारात बाईंच्या कामाबद्दल त्यांनी विचारलेले हे पहिलेच. डोळे पुसत बाई एकेक सांगू लागल्या आणि ते ऐकत राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सगळेच सांगतात. माझे मागणे त्याहून थोडे आहे. जपण्याआधी तेवढे विचारत जा.