बिनखांबाचा मांडव

थोरल्या लेकीच्या लग्नात राहेलबाई नेमक्या मांडवाच्या मधल्या खांबामागं बसल्या होत्या. लेकीनं वचनं घेतली ती त्यांनी ऐकली, दिसला मात्र बांबू. तो राग त्यांनी नवऱ्यावर वर्षानुवर्षं काढला. म्हणून धाकट्या हन्नाचं लग्न ठरलं, तेव्हा राहेलबाईंचे नवरे, शिरूरच्या मिशन शाळेतले बन्यामीन मास्तर म्हणाले, "या खेपेला खांबच नको!"

त्यांनी एका मासिकात जर्मनीतल्या प्रदर्शनाचं चित्र पाहिलं होतं. दोन कोपरे उंच, दोन खाली, चहूकडून ताणलेलं कापड. मधे काही नाही.

मांडववाल्या सुभानभाईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्यात काय हाय मास्तर? वडायचं आन् बांधायचं."

चर्चची कौलं उतरवलेली, म्हणून लग्न अंगणातच होतं. दोन कोपरे लिंबांना बांधले, तिसरा चिंचेच्या बुंध्याला. चौथ्याची मेख मुरमात काही टिकेना. कापड मधोमध लोंबायला लागलं.

"प्वाट सुटलंय ह्याचं," शेजारचे भिमाजी आप्पा म्हणाले. मास्तरांना घाम फुटला.

इतक्यात दौंडहून वऱ्हाडाचा ट्रक आला. सुभानभाईंनी चौथा दोर थेट ट्रकच्या मागच्या कडीला बांधला. "जालिंदर, जरा पुढं घ्या!"

ट्रक हातभर सरकला आणि कापड नगाऱ्यासारखं ताठ झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांची छाती फुगली.

"मला माघारी कांदा भरायला जायचंय," ड्रायव्हर जालिंदर म्हणाला.

"लग्न लागल्याबिगर हलायचं न्हाई," सुभानभाईंनी बजावलं आणि चाकामागं दगड लावला. ट्रकचा हँडब्रेक नावापुरताच होता.

लग्न सुरू झालं. राहेलबाई पुढच्या खुर्चीवर, समोर लेक, मधे काहीही नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत आहे काय?"

भोंऽऽ! बाहेर हॉर्न वाजला.

नवरदेव विल्यमचा चेहरा पांढराफटक पडला. पाळकसाहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हरकत कुणाची?"

"हरकत न्हाई, दगड सरकला!" जालिंदर ओरडला.

वाऱ्यानं कापड फुगलं होतं आणि ट्रक मागं खेचला जात होता. छत सावकाश खाली आलं, वऱ्हाडाच्या डोक्यांवर टेकलं. सगळ्यांनी हात वर करून ते धरलं. ट्रक काही केल्या सुरू होईना.

कापडाखालच्या अंधारात मास्तरांना वाटलं, आता जन्मभर ऐकावं लागणार. तेवढ्यात कुणीतरी खदखदून हसलं. राहेलबाईच! एका हातानं त्यांनी छत पेललं होतं, दुसऱ्यानं हन्नाचा हात धरला होता.

"पाळकसाहेब, चालू द्या," त्या हसू आवरत म्हणाल्या. "हात भरून यायच्या आत उरका."

पाळकसाहेबांनी वाकल्या वाकल्याच वचनं घेतली. 'आमेन'ला ट्रक सुरू झाला आणि छत पुन्हा वर गेलं. विस्कटलेल्या केसांची हन्ना आता मिसेस विल्यम झाली होती.

जालिंदरला पंगतीचं ताट ट्रकमध्येच पोचवलं. ब्रेकवरचा पाय न काढता तो जेवला, आणि गुलाबजाम दोनदा मागून घेतले.

पुढच्या महिन्यात कारेगावचे हौसराव सुभानभाईंकडं आले. लेकाच्या लग्नाला त्यांना तसलाच मांडव हवा होता.

"देतो की," सुभानभाई म्हणाले. "पण आधी सांगा, तुमचं वऱ्हाड येनार कशानं?"

"बैलगाड्यांनी."

सुभानभाईंनी खिन्न होऊन मान हलवली. "मग खांबच घ्या."