बिनसहीचा अर्ज

तहसील कचेरीतल्या कारकुनानं कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीची, नक्कल उलटीसुलटी करून पाहिली आणि शाकिराबींपुढे सरकवली.

"मावशी, यात मुलगी झाली येवढंच हाय. मौजे मेडशी, एकोणीसशे एक्केचाळीस. बापाचं नाव हाय. मुलीचं नाव कुठी हाय?"

"तवा पोरीचं नाव कोन लिहीत होतं, बाबू?"

कारकुनाला ते पटत होतं, पण फाइलला नाव हवं होतं. उशिरा काढलेले कितीतरी जन्मदाखले सरकारनं घुसखोरीच्या संशयावरून रद्द केले होते, त्यांत शाकिराबींचाही होता. आपण इथंच जन्मलो हे त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी सिद्ध करायचं होतं. शाळेचा दाखला नव्हता. अब्बांनी त्यांना घरीच शिकवलं, आणि त्या दहा वर्षांच्या असताना अब्बा वारले.

अब्बा म्हणजे वाशीमचे वकील इनायतुल्ला खान. इंग्रजांच्या राज्यात दोनदा नागपूरच्या कायदेमंडळावर निवडून गेलेले. सेहेचाळीस साली किन्हीराजा, मेडशी, गावोगाव बैलांच्या दमणीतून हिंडून त्यांनी मुस्लिम लीगसाठी मतं मागितली, आणि लोकांनी त्यांच्या शब्दावर ती दिली. देश तुटला तेव्हा बरोबरीचे पुढारी कुणी हैदराबादेला, कुणी कराचीला निघून गेले. मतं देणारे विणकर आणि पिंजारी मात्र दारात येऊन बसले. वकीलसाहेब, आता आमचं काय, एवढंच ते विचारत. अब्बा गेले नाहीत. हळूहळू पक्षकार येईनासे झाले, जुने स्नेही कोर्टाच्या आवारात नजर चुकवू लागले. चार वर्षांत माणूस खंगून संपला. जाण्याचा विचार त्यांनी एकदाही मनात आणला नाही, असं घरात सांगितलं जाई. त्या एका गोष्टीच्या आधारावर शाकिराबींनी लोकांचे कपडे शिवत जन्म काढला होता.

त्यांची वकील निकिता राठोड त्यांना व्हरांड्यात घेऊन आली. अब्बांची कायद्याची जुनी पुस्तकं चाळताना तिला आठवड्यापूर्वी एक कागद सापडला होता. तो दाखवावा की नाही, हे तिला इतके दिवस ठरवता आलं नव्हतं. आता तिनं तो त्यांच्या हाती दिला.

मुंबईहून कराचीला जाणाऱ्या जहाजाच्या तिकिटांचा इंग्रजी अर्ज होता तो. साल सत्तेचाळीस. अब्बांच्या अक्षरात साऱ्या घराची नावं. शेवटची ओळ निकितानं हळू आवाजात वाचून दाखवली: शाकिरा, वय सहा, जन्म मौजे मेडशी.

शाकिराबींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"हा लावला तर नाव साबित होते, आजी," निकिता म्हणाली. "पन अब्बाले जायाचं होतं, हेही साबित होते. मंग आतले साहेब काय म्हनतीन, ते तुमाले मालूम हाय."

"सही हाय का त्यायची?"

खालची जागा कोरी होती. निकितानं नकारार्थी मान हलवली.

"मंजे भेव त्यायले बी वाटलं होतं," शाकिराबी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आमाले कधी समजू देलं नाही." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "अब्बानं जो कागद देला नाही, तो मी काहून देऊ?"

निकितानं एकदा समजावून पाहिलं, पण त्या ऐकेनात. आत दुसरा पुरावा नव्हता. दाखल्याचा अर्ज फेटाळायला साहेबांना दहा मिनिटंही लागली नाहीत. आदेशाची प्रत देताना कारकुनानं पोच-वहीसाठी नाव विचारलं. शाकिरा इनायतुल्ला खान, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यानं ते निमूट लिहून घेतलं.

बाहेर ऑटो उभा होता. व्हरांड्यात अजून वीस-पंचवीस माणसं नंबराची वाट पाहत होती. किन्हीराजाची, मेडशीची, पोतडीतून कागद काढणारी, परत ठेवणारी. निकितानं चला म्हणून हात पुढे केला.

"थांब जरा," शाकिराबी म्हणाल्या. "या लोकायचं होऊ दे."

बाकड्यावरच्या एका बाईनं सरकून जागा केली. आदेशाची घडी मांडीवर ठेवून त्या तिच्याशेजारी बसल्या.