सासूबाईंनी बाहेर बसावं

"ताई, नियम मी तुम्हाला सांगायचा का? जरा बाहेर बसता?"

पाहणीवाली स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीवर बसली होती आणि समोर तिचीच सहकारीण टॅब उघडून उभी होती. पाहणीच्या यादीत यंदा हिचंच घर निघालं होतं. ऑफिसातल्या बायका सकाळपासून हसत होत्या, म्हणे आता कळेल सासवांना कसं वाटतं ते. पाहणीवालीही हसली होती. आता मात्र ती खुर्चीवरून उठली. सुनेकडे एकदा बघून ती जिन्यावर जाऊन बसली. मागून दार लोटलं गेलं.

देशभरच्या एका पाहणीसाठी तान्ह्या बाळांना काय पाजतात, याची माहिती गोळा करणं हे या दोघींचं काम. पूर्वी एकच प्रश्न असे, "फक्त अंगावरचंच दूध ना?" बायका माना डोलवायच्या. मग वरच्यांच्या लक्षात आलं, की आकडे तेवढे गुटगुटीत आहेत, बाळं नाहीत. म्हणून नवी पद्धत आली. काल पाणी दिलं? साखरपाणी? पावडरचं दूध? एकेक वस्तू विचारायची, तीही आईला एकटीला गाठून. पाहणीवाली यात तरबेज. भल्याभल्या खमक्या सासवांना तिने गोड बोलून खोलीबाहेर काढलं होतं.

आज स्वतःवर पाळी आली, तर जीव नुसता टांगणीला लागला. नात दोन महिन्यांची होत आली तरी अंग धरत नव्हती. रडायची तीही मांजराच्या पिलासारखी. गेल्या आठवड्यात वजन केलं, तर काटा होता तिथेच. दूध पुरतंय का बघा, डॉक्टर म्हणाले होते. सून म्हणाली, पुरतंय. मग बिघडलं कुठे? पोरीला काही मोठा आजार तर नसेल?

दाराला कान लावावा असं तिला फार वाटत होतं. एवढा वेळ कशाला लागतोय? सगळ्याला 'नाही' म्हटलं तर चुटकीसरशी आटपतं. 'हो' आलं की प्रश्नाला प्रश्न फुटतात. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

दार उघडलं. सहकारीण चपला घालू लागली.

"काय म्हणाली गं?"

"ताई, असं विचारतात का?"

"माझी नात आहे ती."

"म्हणून काय झालं? बाळाला आजच डॉक्टरांना दाखव, एवढं मी तिला सांगितलंय. बाकी तीच बोलेल. तुम्ही आत जा, आणि प्रश्न विचारू नका."

आत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. डोळे लाल. पाहणीवाली तिच्याशेजारी जमिनीवर बसली. ओठांवर आलेला प्रश्न तिने गिळला. मग सून उठली आणि कपाटातल्या कपड्यांमागून पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली काढून तिने समोर ठेवली.

"मला दूध पुरत नाही, आई. पहिल्यापासूनच. तुम्ही कामाला गेलात की हे पाजते. दुसरा डबा आणला तर तुम्हाला कळेल, म्हणून हीच पावडर पुरवायला पाणी जास्त घालत होते."

पाहणीवालीने डबा उचलून पाहिला. म्हणजे पोर इतके दिवस उपाशीच.

"अगं, मग सांगायचं नाहीस? रोज विचारत होते ना मी?"

"रोज विचारायचात, 'वरचं काही देत नाहीस ना?' त्यावर काय सांगू?"

दारोदार नवे प्रश्न घेऊन हिंडणारी ही शहाणी घरात मात्र जुनाच प्रश्न विचारत राहिली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. पण त्या रागाने बाळाचं पोट थोडंच भरणार होतं?

"आधी अंगावर घे तिला," ती म्हणाली. "मी हे करून आणते. मग लगेच डॉक्टरांकडे जाऊ."

पाणी उकळून, चष्मा लावून डब्यावरची सूचना दोनदा वाचून तिने बरोबर मापाने दूध केलं. बाळ घटाघटा प्यालं आणि पिता पिताच झोपलं. निघण्याआधी वेणी घालायला बसलेल्या सुनेचाही भिंतीला टेकून डोळा लागला.

पाहणीवालीने बाटली धुतली, उकळून काढली. ती कपाटात ठेवायला म्हणून वळली आणि थांबली. मग रस्त्याकडच्या खिडकीत, जिच्यासमोरून अख्खी गल्ली येते-जाते, तिथे तिने ती वाळत ठेवली.