तिसरा जीव

"ह्याला माणूस म्हणायचं? चार विटा रचल्यात नुसत्या," श्यामलाच्या खुर्चीमागे उभे राहून पडदा बघणारे संताजीअण्णा स्वतःशीच पुटपुटले.

"जुन्या व्हिडिओ गेममधली माणसं अशीच असायची, अण्णा," श्यामला म्हणाली. "तुमच्या साहेबांना तसाच हवाय."

साहेब म्हणजे रघुजीराव; अण्णा त्यांचे मुकादम. श्यामलानं क्रोशाचं झाकण बाजूला सारून संगणक उघडल्यापासून रघुजीराव घड्याळच बघत होते. त्यांच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सोमवारपासून सुरक्षा सप्ताह होता, आणि त्यासाठी वीस सेकंदांची फिल्म हवी होती. विटांसारख्या चौकोनांचा कामगार, डोक्यावर तीन जीव. हेल्मेट विसरला, एक गेला. तेलावरून घसरला, दुसरा गेला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये वाकला, खेळ संपला. मग कन्नडमध्ये ओळ: निष्काळजी माणूस आपल्याच चुकीनं मरतो.

श्यामलानं त्या कामगाराच्या हातात जेवणाचा डबा दिला होता. तेवढं मात्र न मागता.

मागच्या महिन्यात कारखान्यातल्या अशाच प्रेसमध्ये नरसिंह हा कामगार गेला होता. सकाळपासून त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. त्याच्या बायकोला, अहल्येला, सोमवारी पहिल्या रांगेत बसवणार होते.

"एक अडचण आहे," श्यामला म्हणाली. संगणक ती पुस्तकं वाचून शिकली होती, त्यामुळे पुस्तकावर तिचा फार विश्वास. प्रेससुद्धा तिनं मशिनबरोबर आलेल्या पुस्तकात बघूनच काढला होता. "पुढची जाळी लागल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, असं लिहिलंय. आणि जाळी लागली की हा आत वाकू शकत नाही. मग मरणार कसा?"

संताजीअण्णांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"जाळी पुसून टाका ना," रघुजीराव म्हणाले. "चित्रच आहे. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, अक्का."

तिनं जाळी पुसली. माणूस वाकला, प्रेस खाली आला, तिसरा जीव विझला. पडद्याच्या कडेला डबा तेवढा उरला.

"सरी, ठीक. झालं की," रघुजीराव उठले.

श्यामलानं फिल्म पुन्हा लावली. मग परत एकदा. माणूस दर वेळी डबा खाली ठेवून मुकाट्यानं वाकत होता.

"पुरे, अक्का," संताजीअण्णा म्हणाले. "साहेब, माल लवकर निघावा म्हणून तुम्ही सांगितलंत, आणि जाळी मी काढली. जाळीशिवायही प्रेस चालावा म्हणून तिचा स्विच तारेनं मी बांधला. नरसिंह दोनदा म्हणाला होता, अण्णा, जाळी लावा."